नदीतल्या बेटावरचा वारसा : बहे-रामलिंगची सहल आणि जीर्णोद्धार आखताना या चुका टाळा

सांगली जिल्ह्याच्या वाळवा तालुक्यातील बहे येथे कृष्णेच्या पात्रात रामलिंग बेट आहे. समर्थ रामदासांनी स्थापिलेल्या अकरा मारुतींपैकी एक या बेटावर आहे, त्यामुळे ‘अकरा मारुती दर्शना’च्या गाड्या येथे हमखास थांबतात. गर्दी वाढू लागली की देवस्थान समितीला सोयी कराव्याशा वाटतात आणि सहल आयोजकाला कार्यक्रम भरगच्च हवा असतो. दोघांचाही हेतू चांगलाच असतो, परंतु ज्यासाठी लोक येतात तेच त्या भरात झिजू लागते. पुढील चुका अशा जुन्या देवस्थानांत सर्रास होतात आणि बेटावर त्यांची किंमत अधिक मोजावी लागते.

सांगलीची पातळी पाहून बहेला निघणे

पावसाळ्यात सांगलीच्या आयर्विन पुलाजवळची पाणीपातळी सर्वांच्या तोंडी असते : 40 फुटांना इशारा, 45 फुटांना धोका. हे आकडे सांगली शहरासाठी आहेत. बहे सांगलीच्या वरच्या अंगाला आहे, आणि बेटाची वाट बंद होण्यासाठी महापुराची गरज नसते. कोयना धरणातून सोडलेले पाणी कऱ्हाडला कृष्णेत मिसळून खाली येते, म्हणून जून ते ऑक्टोबर या काळात निघण्यापूर्वी धरणाच्या विसर्गाची बातमी पाहावी आणि गावात फोन करून वाट खुली आहे का, हे विचारावे. आकाश निरभ्र असले म्हणजे नदी उतरलेली असते, हा समज धोकादायक आहे.

बांधकाम करू पाहणाऱ्यांनी पूररेषेचा अर्थ आधी समजून घ्यावा. 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा आणि 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा, अशा दोन रेषा आखल्या जातात. बेट तर प्रत्यक्ष पात्रातच असते. तेथे पक्के भक्तनिवास, कायमची दुकाने किंवा काँक्रीटचे वाहनतळ उभारणे नियमात बसवणे अवघडच, आणि 2005, 2019 व 2021 चे पूर पाहिलेल्या जिल्ह्यात त्याचे समर्थन करणे त्याहून अवघड. स्वच्छतागृहे, वाहनतळ आणि दुकाने काठावर, पूररेषेबाहेर असावीत; बेटावर उचलून नेता येईल एवढेच ठेवावे.

जुन्या दगड-चुन्याला नवे रूप देणे

‘भिंतीला दरवर्षी रंग देतो, तरी पोपडे निघतात’ ही समित्यांची नेहमीची तक्रार असते. दोष बहुधा रंगाच्या कंपनीत नसतो. चुन्यात बांधलेली जुनी भिंत ओल शोषते आणि उन्हाळ्यात ती बाहेर टाकते. तिच्यावर सिमेंटचा गिलावा किंवा ऑइलपेंट चढवला की ओल आत कोंडते, पाण्याबरोबर आलेले क्षार पृष्ठभागाखाली साठतात आणि वरचा थर सुटतो. दुसरा थर चढवल्याने दुखणे झाकले जाते, जात नाही. कोरड्या ऋतूत जाणकार गवंड्याकडून एका कोपऱ्यात सिमेंट हळुवार काढून चुन्याचा गिलावा करून पाहावा, एक पावसाळा जाऊ द्यावा आणि मगच पुढील काम हाती घ्यावे. पूर ओसरल्यावर गाळ ओला असतानाच कमी दाबाच्या स्वच्छ पाण्याने धुवावा. भिंत पूर्ण वाळण्यापूर्वी रंगाचा डबा उघडू नये. दगड उजळवण्यासाठी सँडब्लास्टिंग (वाळूचा जोरदार मारा) तर करूच नये, कारण त्यात काजळीबरोबर कोरीव कामाची धारही जाते. वास्तू संरक्षित असल्यास पुरातत्त्व विभागाच्या परवानगीशिवाय कामाला हात लावता येत नाही.

मूर्तींच्या बाबतीत सरसकट नियम लावणे हीही चूकच आहे. अकरा मारुतींपैकी मसूरची मूर्ती चुन्याची आहे, तर उंब्रजची चुना, वाळू आणि ताग यांची असल्याचे सांगितले जाते. चुन्यावर दही, लिंबू यांसारख्या आंबट पदार्थांचा परिणाम होतो, म्हणून अशा ठिकाणी अभिषेक उत्सवमूर्तीवर करण्याची जुनी रीतच शहाणपणाची ठरते. शेंदूर हा परंपरेचा भाग आहे आणि तो अस्सलपणाला बाधक नाही. ऑइलपेंटने रंगवलेले डोळे आणि दागिने मात्र बाधक आहेत.

कथा आणि इतिहास एकत्र कालवणे

रामचंद्र येथे पूजेला बसले असता कृष्णेला पूर आला आणि मारुतीने बाहू पसरून तो अडवला, प्रवाह दुभंगला आणि बेट झाले, अशी कथा आहे. मारुतीची स्थापना शके 1573 मधील सांगितली जाते. दोन्ही गोष्टी सांगाव्यात; मात्र कथा कथा म्हणून सांगावी आणि तिथीला तिथीचे स्थान द्यावे. फलकावर दोन्ही एकाच दमात लिहिल्या की विद्यार्थ्यांना फरक कळत नाही, आणि भाविकाचेही त्यात काही भले होत नाही.

मागणीनुसार परंपरा दाखवणे

पाहुण्यांसाठी बेटावर गजीनृत्य ठेवण्याची कल्पना आकर्षक वाटते. परंतु गजीनृत्य धनगर समाजाचे असून बिरोबाच्या यात्रेत त्याला जागा आहे. ते पाहायचे तर कवठेमहांकाळ तालुक्यातील आरेवाडीस यात्रेच्या वेळी जावे. बहेचे स्वतःचे दिवस रामनवमी आणि हनुमान जयंतीचे. त्या दिवशी पाहुण्याने गावाच्या रांगेत उभे राहावे, आयोजकाने वेगळी रांग मागू नये. एका दिवसात अकराही मारुती ‘उरकण्या’चा बेतही सोडून द्यावा : सात सातारा जिल्ह्यात, दोन सांगलीत आणि दोन कोल्हापुरात आहेत. बहे आणि शिराळा एवढेच एका दिवशी केले तर जेवायला आणि बोलायला वेळ उरतो.

गावाला हिशेबाबाहेर ठेवणे

घारापुरी बेटावरील लेण्यांना 1987 मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, पण त्या बेटावरच्या गावांत वीज पोहोचली 2018 मध्ये. पर्यटकांची गर्दी आणि रहिवाशांची सोय या दोन गोष्टी आपोआप बरोबर चालत नाहीत, एवढे त्यावरून कळावे. शहरातून बंद डबे आणून, बेटावर प्लास्टिक टाकून परतणाऱ्या बसमुळे गावाच्या वाट्याला फक्त कचरा येतो, आणि पहिल्या पुराबरोबर तो खालच्या गावांच्या घाटांवर जाऊन लागतो. झुणका-भाकरी आणि खर्ड्याचे जेवण गावातील बचत गटाला आदल्या दिवशी संख्या कळवून सांगावे आणि दर आधी ठरवावा. वाहनतळाचे शुल्क ग्रामपंचायतीने पावती देऊन घ्यावे, आणि त्यातून किती रक्कम घाटाच्या सफाईला गेली याचा आकडा वर्षातून एकदा ग्रामसभेत वाचून दाखवावा.