डोंगरमाथ्यावरची एकाकी चौकी : बचावातल्या या चुका टाळा

चौकी उंचावर आहे म्हणून ती सुरक्षित आहे, ही समजूत बहुतेक फसगतींच्या मुळाशी असते. माथ्याच्या अगदी टोकाला मोर्चे खणले की दूरची दरी स्वच्छ दिसते, पण लगतचा उतार मात्र डोंगराच्या फुगवट्याआड दडतो, आणि अंधारात जवळ येऊ पाहणाऱ्या गनिमाला नेमकी तीच जागा हवी असते. म्हणून मोर्चे माथ्यापेक्षा थोडे खाली, जिथून उताराचा तळ नजरेत येतो अशा कडेवर असावेत. त्यानंतर एका जवानाला खालून रांगत वर यायला सांगावे आणि तो कोणत्या मोर्च्यातून कुठे दिसेनासा होतो, याची नोंद करावी. नकाशा ही गोष्ट सांगत नाही. ज्या घळी तरीही दिसत नाहीत, त्यांच्यावर उखळी तोफेचा मारा आधीच नेमून ठेवावा.

अफगाणिस्तानातल्या वानत येथे १३ जुलै २००८ च्या पहाटे ९ अमेरिकी सैनिक मारले गेले. त्यांपैकी बहुतेक जण मुख्य तळावर नव्हे, तर त्याबाहेरच्या छोट्या टेहळणी चौकीत किंवा तिच्या मदतीला धावताना पडले. त्या चौकीलगतच्या घळीतून हल्लेखोर हातबॉम्ब फेकता येईल इतके जवळ पोहोचले होते. तळ उभारून जेमतेम काही दिवस झाले होते आणि बांधकाम अपुरे होते. मोर्चे पक्के होईपर्यंतचे पहिले काही दिवस सर्वांत नाजूक असतात. त्या काळात तंबू व सामान लावण्यापेक्षा खणण्याला प्राधान्य द्यावे.

दुसरी चूक काटेरी तारेवर विसंबण्याची. जिच्यावर कोणाची नजर नाही आणि जिच्यावर बंदूक रोखलेली नाही, ती तार शत्रूला अडवत नाही, फार तर थोडा उशीर करते. व्हिएतनाममधल्या फायरबेस मेरी ॲन या अमेरिकी तोफतळावर २८ मार्च १९७१ च्या रात्री शत्रूच्या सुरुंगपथकातील (स्फोटके घेऊन तळात घुसणाऱ्या तुकडीतील) हल्लेखोर तारा कापून कोणाला चाहूल न लागता आत शिरले; ३० अमेरिकी सैनिक ठार झाले. बरेच दिवस काहीच घडले नव्हते, त्यामुळे पहारा ढिला पडला होता. माझ्या मते शांततेचे असे लांबलेले दिवस तोफेपेक्षा घातक ठरतात. पहारा बदलण्याची वेळ, गस्तीची वाट आणि पाणी आणण्याची फेरी रोज सारखीच ठेवली, तर समोरच्या टेकडीवर बसलेला माणूस आठवड्याभरात चौकीचे वेळापत्रक पाठ करतो. पहाटे उजाडण्याच्या सुमारास सर्वांनी आपापल्या मोर्च्यात सज्ज राहावे.

दारूगोळा एकाच खंदकात साठवू नये. वायरलेसचा दुसरा संच आणि संदेश तुटल्यास वापरायची प्रकाशबाणांची खूण ठरलेली असावी. हल्ला सुरू होताच सगळ्यांनी सर्व दिशांना बेफाम गोळीबार करणे टाळावे. नळ्या तापून बंदुका अडकतात आणि प्रत्येकाचे मोर्चे शत्रूला उघडे पडतात.

मदतीची कुमक बहुधा एकाच ठरलेल्या पायवाटेने येते आणि गनीम तिथेही दबा धरून बसलेला असू शकतो. म्हणून कुमकेची पर्यायी वाट चौकी उभारतानाच चालून पाहावी.