पगार दोघांचा, कागद एकाचा: नवरा-बायकोंनी या चुका टाळा

हॉटेलिंग, ऑनलाइन खरेदी, सासर-माहेरी पाठवलेले पैसे यांवरून होणारी भांडणं चार दिवसांत मिटतात. निस्तरताना नाकी नऊ येतात ते कागदावर चुकलेल्या किंवा राहून गेलेल्या नावांमुळे.

पीएफपासून सुरुवात करा. नोकरी लागताना नॉमिनी म्हणून कुणाचं तरी नाव टाकलं आणि लग्नानंतरही ते तसंच राहिलं, असं घरोघरी दिसतं. कुटुंब नसताना केलेलं नॉमिनेशन लग्नानंतर बाद ठरतं. ईपीएफओच्या पोर्टलवर ई-नॉमिनेशन नव्याने भरा. तिथेही बरेच जण तपशील सेव्ह करून मोकळे होतात. आधारच्या ओटीपीने ई-साइन केल्याशिवाय ते पूर्ण होत नाही.

नॉमिनी म्हणजे मालक, हा समजही डोक्यातून काढून टाका. बँकेतली ठेव किंवा शेअर नॉमिनीच्या हाती येतात, पण हक्क वारसांचाच राहतो. शेअरच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये हे स्पष्ट केलं. उपाय स्वस्त आहे: दोघांनीही मृत्युपत्र करा. साध्या कागदावर चालतं, दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात, नोंदणी सक्तीची नाही (तरी करून टाकलेली बरी).

घर घेताना गोंधळ आणखी वाढतो. महाराष्ट्रात स्त्रीच्या नावावर घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात 1 टक्का सवलत आहे. 60 लाखांच्या फ्लॅटवर 60 हजार वाचतात. मात्र करारनाम्यात नवऱ्याचं नाव आलं की सवलत गेली. हप्ते दोघं भरणार असाल तर एवढ्यासाठी एकाचं नाव गाळू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. नाव फक्त कर्जाच्या कागदावर असेल, तर कर्ज फेडायची जबाबदारी तुमची आणि घरावर मालकी दुसऱ्याची. जुन्या करप्रणालीत राहत्या घराच्या कर्जावरील व्याजाची 2 लाखांपर्यंतची वजावट दोघांना वेगवेगळी मिळते, तीसुद्धा दोघंही मालक आणि सहकर्जदार असतील तरच. नाव आधीच राहून गेलं असेल तर बक्षीसपत्र करता येतं. राहत्या घरासाठी पती-पत्नींमध्ये त्याचं मुद्रांक शुल्क 200 रुपये आहे. वरचे अधिभार दुय्यम निबंधक कार्यालयात विचारा आणि कर्ज चालू असेल तर आधी बँकेची संमती घ्या.

टॅक्स वाचवायला बायकोच्या नावावर एफडी टाकणारे अजूनही भेटतात. पैसे नवऱ्याचे असतील तर त्यावरचं व्याज नवऱ्याच्याच उत्पन्नात धरलं जातं. तिच्या स्वतःच्या कमाईतून टाकलेल्या एफडीला ही अडचण नाही, मग घरखर्च नवऱ्याच्या पगारातून करा आणि बचत तिच्या.

जॉइंट खातं आहे म्हणून निर्धास्त राहू नका. पासबुकावर किंवा एफडीच्या पावतीवर ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’ (म्हणजे दोघांपैकी कुणा एकाची सही पुरे) आहे का ते बघा. नुसतं ‘जॉइंटली’ असेल तर दोघांच्या सह्यांशिवाय पैसे हलत नाहीत, आणि एक जण आयसीयूत असेल तर सही आणणार कुठून? शाखेत दोघांच्या सहीने हे बदलून मिळतं. सगळे ओटीपी एकाच्याच मोबाइलवर येत असतील तर तिथेही हीच अडचण. खाती, पॉलिसी, लॉकर यांची यादी एका वहीत लिहून दोघांना माहीत असलेल्या जागी ठेवा. पिन मात्र वहीत नको.

राहिला जामीन. मित्राच्या किंवा भावाच्या पतसंस्थेच्या कर्जावर घरी न सांगता सही करणारे नवरे थोडेथोडके नाहीत. कर्जदाराने हात वर केले की वसुली तुमच्या दारात येते, आणि बायकोला कळतं ते नोटीस आल्यावर. धंदा करणाऱ्यांनी किंवा अशा सह्या करून बसलेल्यांनी टर्म इन्शुरन्स घेताना तो ‘विवाहित महिला मालमत्ता कायदा, 1874’खाली घ्यावा. त्याचे पैसे बायको-मुलांचे राहतात, कर्ज वसूल करणाऱ्यांना त्यांवर सहसा हात टाकता येत नाही. ही खूण पॉलिसीच्या अर्जातच करायची असते. ती नंतर जोडता येत नाही.