टीव्ही टांगताय? आधी भिंतीला भोक पाडून बघा

दाजींना दसऱ्याला पंचावन्न इंची टीव्ही घ्यायचाय, आणि ब्रॅकेट घेऊ की स्टँड हे ते रोज फोनवर विचारतायत. म्हणून एकदाच लिहून टाकतो.

पहिलं, दुसरं आणि तिसरं काम एकच: भिंत. १८ डिसेंबर २०२२, वर्ल्डकपची फायनल. कोल्हापुरातल्या मंगळवार पेठेतलं आमचं घर पोरांनी भरलेलं, निम्मे अर्जेंटिनाचे, निम्मे ब्राझीलचे. ब्राझील बाहेर गेलेलं, म्हणून ते निम्मे त्या रात्रीपुरते फ्रान्सचे. एम्बापेनं ८० आणि ८१ व्या मिनिटाला लागोपाठ दोन घातले. तेवढ्यात मागं बसलेल्या कुणीतरी नीट दिसावं म्हणून टीव्ही बाहेर ओढला. पुढं-मागं होणारं ब्रॅकेट होतं, हौसेनं घेतलेलं. वरचे दोन्ही स्क्रू गिलाव्याच्या पोपड्यासकट हातात आले आणि टीव्ही खालच्या दोनांवर लोंबकळला. चुलतभावानं कवेत घेतला म्हणून वाचला. भोकात बोट घातलं तर आत माती. निव्वळ माती, ओलसर.

ब्रॅकेट चांगलं होतं. भिंत कुणी बघितलीच नव्हती. मी पण नाही.

आता ती कशी बघायची ते. ब्रॅकेटच्या मागं झाकलं जाईल अशा जागी सहा मिलिमीटरच्या बिटानं दोन-अडीच इंच भोक पाडा आणि खाली कागद धरा. सुरुवातीचा करडा भुगा गिलाव्याचा, तो सोडून द्या. त्यानंतर तांबडा भुगा आला तर वीट, काम होतंय. करडाच येत राहिला आणि मशीन किंचाळायला लागलं तर काँक्रीट, सगळ्यात भारी. पांढरा, पिठासारखा आला तर हलका ब्लॉक. नव्या अपार्टमेंटमध्ये हाच असतो आणि त्यात साधी गिट्टी (स्क्रूसाठी भोकात ठोकतात तो प्लग) सैल पडते, ब्लॉकसाठीची लांब गिट्टी मागून घ्या. आणि बिट लोण्यात सुरी गेल्यासारखं आत गेलं, मातकट भुगा आला, तर थांबा. स्टँड घ्या.

एक भोक पाडून समाधान मानू नका. पेठांतल्या जुन्या घरांत विटा मातीत रचलेल्या असतात आणि वरून सिमेंटचा गिलावा फिरवलेला असतो, दिसायला एकदम पक्की भिंत. एका ठिकाणी वीट लागते, चार बोटं सरकलं की सांधा आणि माती. म्हणून वरच्या दोन्ही स्क्रूंच्या जागा वेगवेगळ्या तपासायच्या. खालचे स्क्रू नुसते टेकलेले असतात, टीव्ही पुढं झुकताना ओढ बसते ती वरच्यांवर. हात लांब करणाऱ्या ब्रॅकेटला तर पहारीसारखा जोर मिळतो. दाजी, तुमचंही घर जुनंच आहे, लक्षात ठेवा.

पुराच्या पट्ट्यातले लोक म्हणतात, टीव्ही भिंतीवरच पाहिजे. बरोबर आहे. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेनं ४३ फुटांची धोक्याची पातळी ओलांडली की शोकेस उचलायला माणसं मिळत नाहीत. पण २०१९ ला आणि २०२१ ला जी भिंत पाण्यात उभी होती, तिचा गिलावा टकटक करून बघा. पोकळ वाजला तर गवंड्याला बोलवा, ब्रॅकेटवाल्याला नंतर.

ब्रॅकेट निवडणं त्यामानानं सोपं. टीव्हीच्या पाठीवर चार भोकं असतात, त्यांच्यातलं आडवं-उभं अंतर मिलिमीटरमध्ये मोजा: २०० बाय २००, ३०० बाय ३००, ४०० बाय ४००, असं काहीतरी येतं. याला व्हेसा म्हणतात आणि ब्रॅकेटच्या खोक्यावर हेच आकडे असतात. नुसतं ‘पंचावन्न इंचीला चालतंय’ या बोलण्यावर घेऊ नका. वजन ब्रॅकेट पेलतंय का तेही खोक्यावर वाचा. टीव्हीत जाणारे स्क्रू कंपनीनं सांगितलेल्या लांबीचेच वापरा, लांब स्क्रू जबरदस्तीनं पिळला तर आतला भाग फुटतो. साधं चिकटून बसणारं ब्रॅकेट सगळ्यात मजबूत, पण मागं हात जात नाही. केबलची भोकं पाठीच्या मधोमध असतील तर वायर वळायलाही जागा उरत नाही. थोडं खाली झुकणारं घ्या. पुढं-मागं होणारं घ्यायचंच असेल तर वर भिंतीचं काय लिहिलंय ते परत वाचा.

उंची: बसल्यावर डोळे पडद्याच्या मध्याला यावेत. देवाच्या फोटोएवढा वर लावू नका, मान धरते.

स्टँड ठरला तर टीव्हीच्या दोन पायांतलं अंतर मोजा. हल्ली पाय अगदी टोकांना असतात. पंचावन्न इंची टीव्हीच चार फूट रुंद, आणि आपली शोकेस साडेतीन फुटी. घरात लहान पोरं असतील तर मागून पट्टा भिंतीला बांधा.

फिटिंगच्या दिवशी: प्लगपॉइंट टीव्हीच्या मागं लपेल असा आधीच करून घ्या. स्विचबोर्डच्या सरळ वर-खाली ड्रिल नको, वायर असते. पलीकडं बाथरूम असेल तर पाइप विचारा. पाणसळ लावा. उचलायला दोन माणसं. फिटिंगला आलेला पोरगा घाईत असतो, त्याला म्हणा, आधी वरची दोन भोकं, भुगा दाखव, मग बाकीचं.

खोक्यातले पाय आणि त्यांचे स्क्रू फेकू नका. माझे भंगारात गेले होते. त्या रात्रीचा पेनल्टी शूटआउट आम्ही टीव्ही ज्वारीच्या डब्याला टेकवून, खाली उशी लावून बघितला.

आणि दाजी, भुगा बघितल्यावर फोटो पाठवा. ब्रॅकेट त्यानंतर.