कूलरचं बिल आधीच मांडून ठेवा

बदली होऊन कोकणातून, साताऱ्या-सांगलीकडून यवतमाळ-चंद्रपूरकडच्या खेड्यात येणारे घर, पाणी, शाळा सगळं विचारतात. विजेचं मात्र कोणी विचारत नाही, आणि मे महिन्याचं बिल हातात पडलं की मीटरलाच चोर ठरवतात. मीही रत्नागिरीकडचीच. इथं कूलर चैनीत मोडत नाही, तांदळासारखा महिन्याच्या खर्चात धरायचा.

हिशोब सोपा आहे. वॅट गुणिले तास, भागिले १०००, म्हणजे युनिट. घोडं अडतं ते वॅटपाशी. बाजारातल्या लोखंडी कूलरवर आकडा नसतोच बहुतेक वेळा. मग मीटरलाच विचारायचं. घरातलं सगळं बंद करा, फ्रीज आणि इन्व्हर्टरसुद्धा. फक्त कूलर पंपासकट चालू ठेवा आणि मीटरवरचा लाल दिवा पाच मिनिटांत किती वेळा लुकलुकतो ते मोजा. एका युनिटला किती वेळा, हे मीटरवरच छापलेलं असतं. ३२०० असेल आणि पाच मिनिटांत ५० भरले, तर तासाला ६००, म्हणजे सुमारे ०.१९ युनिट. रोज सोळा तास चालला तर तीन युनिट, महिन्याला नव्वद. नवतपात, म्हणजे मे अखेरच्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांत, सोळा तासही कमी पडतात, ते वेगळं.

पंखे, फ्रीज, दिवे मिळून साठ-सत्तर युनिट आधीच होतात. त्यात ही नव्वदची भर पडली की शंभरचा टप्पा ओलांडला. पण घाबरू नका, चढा दर फक्त शंभरच्या वरच्या युनिटांना लागतो. दर बदलत असतात, म्हणून आकडा ताज्या बिलावरूनच घ्या. त्यात वहन आकार (वीज घरापर्यंत पोचवण्याचे दर युनिटमागे लागणारे पैसे) मिळवा, वर १६ टक्के वीज शुल्क. स्थिर आकार कूलर लावा न लावा, येणारच.

एसी घ्यावा का? खेड्यात तरी माझं उत्तर नाही. दीड टनाचा एसी तासाला सव्वा-दीड युनिट खातो, आणि संध्याकाळी व्होल्टेज पडलं की तो नुसता शोभेला. इथली हवा कोरडी, त्यामुळे कूलर छान चालतो. फक्त समोरची खिडकी उघडी ठेवा आणि ताट्या, म्हणजे कूलरच्या बाजूंना लावलेल्या गवताच्या जाळ्या, दर उन्हाळ्यात बदला. पावसाळा लागला की पंप बंद, नाहीतर अंथरुणंसुद्धा दमट होतात.

फ्रीजचे वॅट चोवीस तासांनी गुणू नका, तो मधे मधे थांबतो. स्टारच्या लेबलवर वर्षाचे युनिट असतात, त्यांना ३६५ ने भागा, उन्हाळ्यात थोडं जास्त धरा. पाणी तापवायचा १५०० वॅटचा रॉड अर्ध्या तासात पाऊण युनिट घेतो. थंडीत इथले लोक चुलीवर हंडा ठेवतात ते उगाच नाही. लाईन गेल्यावर इन्व्हर्टर फुकट चालतो असं वाटतं, पण १५० अँपिअर-तासाची रिकामी बॅटरी भरायला दोन युनिटांहून जास्त लागतात.

भाड्याच्या घरात सब-मीटर असेल तर घरमालक युनिटला काय दर लावणार हे भाडं ठरतानाच विचारा, आणि सामान उतरवण्याआधी दोघांनी मिळून रीडिंग वहीत लिहून घ्या.