वारीला निघताना पोटाची पुरचुंडी

माऊली, आळंदीहून पहिल्यांदाच पायी निघताय, तर एक लक्षात ठेवा. मोठं सामान दिंडीच्या ट्रकमध्ये जातं आणि पोट बिघडतं ते भर वाटेत. म्हणून पोटाचं सगळं खांद्यावरच्या पडशीत ठेवा.

आधी ओवा. वाटीभर ओवा मंद आचेवर वास सुटेपर्यंत भाजा, पूर्ण गार झाला की थोडं सैंधव मिसळा आणि फिरकीच्या झाकणाच्या डबीत भरा. कागदाची पुडी नको, पहिल्याच सरीत तिचा लगदा होतो. पोट गच्च झालं की पाव चमचा ओवा चावून वर कोमट पाणी प्यायचं. मळमळीसाठी आलेपाकाच्या वड्या घ्या, परतीच्या एसटीतही त्या कामी येतात.

पण ओवा काय, सुंठ काय, जुलाबात अंगातलं जे पाणी आणि मीठ जातं ते भरून देत नाहीत. त्यासाठी ओआरएसच्या चार-पाच पुड्या हव्यातच. त्या संपल्या तर लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालायचं. चमचा घरूनच न्या, मीठ चिमटीच्या अंदाजाने टाकू नका. जास्त झालेलं मीठ लहान मुलांना फार बाधतं. सोबत मऊ भात, पेज, केळं चालेल. ताक मात्र कुठल्या पाण्याचं आहे ते कळल्याशिवाय घेऊ नका.

पुणे ते सासवड हा टप्पा जपून चाला. जवळपास तीस किलोमीटरची चाल, त्यात दिवे घाटाची चढण, आणि नेमकी ज्येष्ठ वद्य एकादशी. वाटेत लोक मायेने साबुदाण्याची खिचडी हातावर ठेवतात, नाही म्हणवत नाही, आणि घाटात छातीत जळजळ सुरू होते. घासभर प्रसाद म्हणून घ्या. पोटाला राजगिऱ्याचे लाडू, खजूर आणि केळी जवळ बाळगा.

बायाबापड्यांना कळकळीने सांगते, आडोसा मिळणार नाही म्हणून पाणी तोडू नका. आमच्या दिंडीतल्या एका काकूंनी तेच केलं आणि घाटातच त्यांना भोवळ आली. शिवाय पाणी तोडलं की पोट साफ होत नाही. इसबगोल घ्या, पण पेलाभर पाण्यातच, कोरडा घेतला तर घशात अडकतो.

शौचातून रक्त पडलं, ताप चढला, लघवी कमी झाली किंवा लेकरू मलूल पडलं, तर डबी बाजूला ठेवा. वाटेवरचं आरोग्य पथक गाठा, नाहीतर १०८ ला फोन लावा.

शेवटी साबण. वडी जुन्या पायमोज्यात घाला आणि मोजा पडशीच्या बंदाला बांधा. टँकरच्या नळाखाली मोज्यासकट हात चोळले की फेस येतो आणि गर्दीत वडी चिखलात पडत नाही.