लहान मुलासाठी गेमिंग कन्सोल: घेण्याआधी काय पारखायचं

कन्सोल मुलाला झेपेल का, हे नुसत्या वयावरून ठरत नाही. वयाची खालची रेघ मात्र आहे. दोन वर्षांखालच्या मुलाला स्क्रीनच नको, दोन ते पाच या वयात दिवसाला जास्तीत जास्त एक तास आणि तोही मोठ्या माणसाच्या देखरेखीखाली, पाच ते दहा या वयात दोन तासांच्या आत, असं इंडियन अ‍ॅकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सने सांगितलेलं आहे. यात टीव्ही आणि मोबाइलवरचे व्हिडिओही आले. कन्सोलसाठी वेगळा तास मिळत नाही. जेवताना तासभर कार्टून चालू असेल, तर चार वर्षांच्या मुलाचा दिवसाचा वाटा तिथेच संपला. त्यामुळे चार-पाच वर्षांच्या मुलासाठी म्हणून कन्सोल विकत घेऊच नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. घरात आधीपासून असेल तर शेजारी बसवून दहा-पंधरा मिनिटं खेळवायला हरकत नाही. खरा विचार सहाच्या पुढे सुरू होतो. त्यातही यंत्र कुठलं घ्यायचं याआधी मुलाचे हात, त्याची थांबण्याची तयारी आणि हॉलमध्ये त्याच्याजवळ बसायला कोणाला वेळ आहे, हे बघावं लागतं. तिसरी गोष्ट नसेल तर पहिल्या दोन असून उपयोग नाही.

हात

कन्सोलचा कंट्रोलर मोठ्यांच्या पंजाच्या मापाने बनवलेला असतो. डावा अंगठा डाव्या स्टिकवर (अंगठ्याने सगळ्या दिशांना फिरवायचा छोटा दांडा), उजवा उजव्या स्टिकवर किंवा चार बटणांवर, आणि दोन्ही तर्जन्या ट्रिगरवर, म्हणजे वरच्या कडेच्या बटणांवर. सहा वर्षांच्या मुलाची तर्जनी ट्रिगरपर्यंत पोचते, पण ती पोचवताना अंगठा स्टिकवरून सुटतो. याहून मोठी अडचण दोन स्टिक एकाच वेळी चालवण्याची. बहुतेक त्रिमितीय गेममध्ये डाव्या स्टिकने पात्र चालतं आणि उजवीने कॅमेरा फिरतो. हे जमत नसलेलं मूल ओळखायला सोपं असतं. पात्र भिंतीला नाक लावून चालतच राहतं, कॅमेरा छताकडे बघत असतो आणि मूल स्वतःच मान वाकडी करून टीव्हीच्या कडेने डोकावतं. दोन मिनिटांत कंट्रोलर बाबांच्या हातात येतो, ‘तुम्हीच करा’. बहुतेक मुलांना ही जोडी सात-आठच्या सुमाराला जमू लागते. तोवर एक स्टिक आणि एक-दोन बटणं एवढ्यावर चालणारे गेम हवेत.

ही पारख कन्सोल न घेता करता येते. ओळखीच्यांकडून प्लेस्टेशन ५ चा किंवा एक्सबॉक्सचा कंट्रोलर आठवडाभर मागून आणा. दोन्ही ब्लूटूथने अँड्रॉइड फोन, टॅब किंवा लॅपटॉपला जोडता येतात. प्लेस्टेशनच्या कंट्रोलरवर मधलं पीएस बटण आणि टचपॅडच्या डावीकडचं क्रिएट बटण एकत्र दाबून धरा, दिवा भराभर लुकलुकू लागला की फोनच्या ब्लूटूथ यादीत नाव दिसतं. एक्सबॉक्सच्या कंट्रोलरला वरच्या कडेला छोटं पेअर बटण असतं, ते दाबून धरायचं. मग सुपरटक्सकार्ट हा गाड्यांच्या शर्यतीचा गेम उतरवा. तो मोफत आहे आणि कंट्रोलरवर चालतो. शक्य असेल तर मोठ्या पडद्याला जोडा, कारण हातातला फोन आणि समोरचा टीव्ही यांत नजर आणि हात यांचा मेळ वेगळा बसतो.

चार-पाच संध्याकाळी, दर वेळी वीस मिनिटं खेळवा. पहिल्या दिवसावरून काहीच ठरवू नका. पहिल्या दिवशी सगळीच मुलं भिंतीला धडकतात आणि सगळ्यांनाच ते फार आवडतं. चौथ्या दिवशी वळणावर गाडी आपोआप वळवली जाते आहे का, नजर कंट्रोलरवर न जाता पडद्यावर राहते का, हरल्यावर पुन्हा खेळावंसं वाटतं की कंट्रोलर आपटला जातो, हे बघा.

थांबणं

हीच खरी परीक्षा. ‘अर्धा तास झाला, बंद कर’ हे लहान मुलाला कळतच नाही, कारण शर्यतीच्या मधोमध घड्याळाला अर्थ नसतो. मिनिटांऐवजी गेमच्या मापात बोला: ‘चार शर्यती, मग जेवायला.’ तीन फेऱ्यांची एक शर्यत साधारण दोन-तीन मिनिटांत संपते, म्हणजे चार शर्यतींना आठ ते बारा मिनिटं. शेवटची शर्यत सुरू होण्याआधी सांगायचं, ती चालू असताना नाही. असं सांगूनही पाचपैकी तीन-चार दिवस रडारड होत असेल, तर कन्सोल सहा महिने पुढे ढकला. थोडी कुरकुर सगळेच करतात, ती धरू नका.

यातूनच गेम निवडण्याचा एक निकष मिळतो. ज्या गेमला नैसर्गिक शेवट आहे तो लहान मुलाला बरा: शर्यत, लेव्हल, सामना. माइनक्राफ्टसारखं अखंड चालणारं जग चांगलं असलं तरी त्यात ‘झालं’ असं कधीच होत नाही, त्यामुळे ते सात-आठनंतर. फोर्टनाइटसारखे ऑनलाइन सामने मधेच थांबवता येत नाहीत, आणि पेगी या युरोपातल्या वयाच्या मानांकनानुसार तो गेम १२ वर्षांपुढच्यांसाठीच आहे.

डब्यावरचा आकडा

गेमच्या डब्यावर पेगीचे ३, ७, १२, १६, १८ असे आकडे दिसतात. अमेरिकेतून आलेल्या डब्यावर ईएसआरबी या तिथल्या मानांकनाची अक्षरं असतात. लहान मुलासाठी त्यातलं ई (म्हणजे सर्वांसाठी) हे अक्षर बघायचं. हे आकडे फक्त आशयाबद्दल बोलतात, म्हणजे हिंसा, भीती, शिव्या, जुगार. गेम किती अवघड आहे याच्याशी त्यांचा संबंध नाही. फुटबॉलच्या गेमवर बरीच वर्षं ३ हा आकडा आहे, पण त्यात डझनभर बटणं लागतात. शिवाय पैसे देऊन खेळाडूंचे पॅक उघडण्याची सोय आहे. दुसरीकडे, पेगी ७ चा सॅकबॉय: अ बिग अ‍ॅडव्हेंचर पाच-सहा वर्षांचं मूल मोठ्या माणसाच्या जोडीने मजेत खेळतं.

म्हणून आकड्याबरोबर चार गोष्टी बघा. एकाच टीव्हीवर दोघांना खेळता येतं का? पडल्यावर किंवा मेल्यावर किती मागे जावं लागतं? सोपा पर्याय आहे का? आणि वाचावं किती लागतं? शेवटचा प्रश्न आपल्याकडे विशेष महत्त्वाचा, कारण निन्टेन्डो स्विच, प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्स या तिन्ही कन्सोलच्या मेनूत मराठी नाही आणि गेममधल्या सूचना बहुधा इंग्रजीत असतात. मराठी माध्यमातल्या पहिलीच्या मुलाला दर दोन मिनिटांनी ‘इथे काय लिहिलंय?’ विचारावं लागणार असेल, तर तो गेम प्रत्यक्षात तुम्हीच खेळणार आहात.

कुठलं यंत्र

निव्वळ लहान मुलासाठी निन्टेन्डो स्विच सर्वांत सोयीचं. त्याचे जॉय-कॉन कंट्रोलर छोटे आहेत, एकेक साधारण ५० ग्रॅमचा, आणि आडवा धरला की एका जोडीत दोघं खेळतात. मारिओ कार्ट ८ डिलक्समध्ये गाडी निवडताना प्लसचं बटण दाबलं की स्मार्ट स्टिअरिंग आणि आपोआप वेग या दोन सोयी चालू करता येतात. मग गाडी रस्त्याबाहेर पडत नाही, मुलाने नुसतं वळवायचं. सुपर मारिओ ब्रदर्स वंडरमध्ये योशी किंवा नॅबिट हे पात्र घेतलं तर शत्रूचा धक्का लागत नाही. खड्ड्यात मात्र पडता येतंच.

अडचण अशी, की निन्टेन्डोची भारतात अधिकृत विक्री नाही. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीसारख्या बाजारात मिळतो तो आयात केलेला माल, आणि वॉरंटी असते दुकानदाराच्या शब्दावर. दुकानातच चालू करून बघा. स्टिकला हात न लावता मेनूतली निवड आपोआप सरकत असेल तर तो नग घेऊ नका. जॉय-कॉनचं हे जुनं दुखणं आहे. अ‍ॅडाप्टरची पिन परदेशी असली तरी व्होल्टेज १०० ते २४० चालतं, साधं कन्व्हर्टर पुरतं. स्विच लाइट स्वस्त पडतो, पण तो टीव्हीला जोडता येत नाही. मूल कोपऱ्यात मान खाली घालून एकटं खेळणार आणि शेजारी बसणारा माणूस आपोआप वगळला जाणार, म्हणून लहान मुलासाठी तो नको. स्विचच्या गेमची कार्ट्रिज अगदी छोटी असतात. तोंडात घालू नयेत म्हणून त्यांना कडू लेप दिलेला असतो, तरीही घरात रांगतं बाळ असेल तर वर ठेवा.

प्लेस्टेशन ५ इथे अधिकृतपणे मिळतो, त्यात अ‍ॅस्ट्रोज प्लेरूम हा छान गेम आधीच भरलेला असतो, आणि आई-वडिलांनाही खेळायचं असेल तर हाच घ्या. डिस्क ड्राइव्ह असलेलाच घ्या. मुलांची आवड दोन महिन्यांत बदलते. डिस्क विकता येते, बदलून घेता येते, डाउनलोड केलेला गेम नाही. एक्सबॉक्स सिरीज एसचं घोडं इथेच अडतं, कारण त्यात डिस्क घालायची सोयच नाही. शिवाय त्याच्या कंट्रोलरला दोन पेन्सिल सेल लागतात, तेव्हा रिचार्जेबल घेऊन ठेवा.

खेळण्यांच्या दुकानात दीड-दोन हजारांत ‘दहा हजार गेम’ म्हणून टीव्हीला लावायच्या काड्या मिळतात, त्यावर मुलाची आवड पारखू नका. गेम चोरीचे, कंट्रोलरची बटणं रुतणारी, आणि आत काय निघेल याचा नेम नाही. मूल कंटाळलं तर गेमला कंटाळलं की त्या बटणांना, हे कळणार नाही.

खर्चाचा उरलेला अर्धा भाग

कन्सोलच्या किमतीत दुसरा कंट्रोलर धरा, नाहीतर शेजारी बसणारा नुसताच बघत राहतो. प्लेस्टेशनचे नवे मोठे गेम पाच हजारांच्या आसपास जातात, वर्षाला तीन पुरे. एकाच टीव्हीवर खेळायला महिन्याचं ऑनलाइन सदस्यत्व लागत नाही, दुकानदार आग्रह करेल तरी पहिल्या वर्षी घेऊ नका. घरात वायफाय आहे का, हेही आधी बघा. मोठा गेम ५०-६० जीबीचा असतो. मोबाइलच्या रोजच्या २ जीबीवर तो उतरवायला महिना जाईल. वायफाय नसेल तर डिस्क किंवा कार्ट्रिज हाच मार्ग, आणि तिथेही अपडेट येतातच. वीज वारंवार जात असेल तर कन्सोल इन्व्हर्टरवर घ्या. रेस्ट मोडमध्ये, म्हणजे यंत्र पूर्ण बंद न करता, थांबवून ठेवलेला प्लेस्टेशनचा गेम वीज गेली की सेव्ह न झालेल्या प्रगतीसह जातो, आणि त्याचं रडं तुमच्या वाट्याला येतं.

मुलाच्या हाती देण्याआधीची रात्र

डबा मुलासमोर उघडू नका. पहिल्या दिवशीचे अपडेट तास-दोन तास खातात. आदल्या रात्री एकट्याने बसून हे उरका:

१. आधी स्वतःचं खातं, मग त्याखाली मुलाचं वेगळं खातं, खऱ्या जन्मतारखेनिशी. घाईत मुलाला मोठ्याचं खातं देणं ही सर्वांत सर्रास होणारी चूक. मग वयाचं कुठलंच बंधन लागू होत नाही.

२. खर्चाची मर्यादा शून्य. कार्ड साठवून ठेवू नका. ओटीपी येईल या भरवशावरही राहू नका. वॉलेटमध्ये गिफ्ट कार्डचे पैसे असतील तर त्याला ओटीपी विचारला जात नाही.

३. अनोळखी लोकांशी बोलणं, संदेश आणि फ्रेंड रिक्वेस्ट बंद.

४. प्लेस्टेशनवर पालक-नियंत्रणाचा पासकोड सुरुवातीला ०००० असतो. तो बदला, आणि त्याच विभागात नवा वापरकर्ता तयार करणं व पाहुणा म्हणून शिरणं बंद करा. नाहीतर आठ वर्षांचं मूल नवं खातं काढून सगळी कुंपणं ओलांडतं.

५. स्विचसाठी फोनवर पालक-नियंत्रणाचं मोफत अ‍ॅप घ्या. वेळ संपली की ते नुसती सूचना देतं, गेम चालूच राहतो. खरोखर थांबवायचं असेल तर गेम स्थगित करण्याचा पर्याय वेगळा चालू करावा लागतो. ही वेळ अख्ख्या यंत्राची मोजली जाते, म्हणजे दुपारी तुम्ही खेळलात तर मुलाचा वाटा कमी होतो.

प्लेस्टेशन आडवा ठेवा. पहिल्या मॉडेलचं वजन साडेचार किलो आहे, आणि उभा ठेवलेला डबा चेंडू लागून पडायला वेळ लागत नाही. मागे भिंतीपासून वीतभर जागा सोडा. हात हलवून खेळायच्या गेममध्ये जॉय-कॉनची मनगटपट्टी घातल्याशिवाय सुरुवात नाही, टीव्हीचा पडदा याच चुकीने फुटतो. मुलाला कधी फिट आली असेल तर लखलखाट असलेल्या गेमबद्दल आधी डॉक्टरांना विचारा.

पहिला महिना

आठवड्याचे ठरावीक दिवस बांधा, उदाहरणार्थ बुधवार, शनिवार, रविवार. ‘रोज थोडं’ असं ठरवलं की रोज घासाघीस होते. झोपण्याआधीचा तास सोडा. कन्सोल हॉलमध्येच राहू द्या, बेडरूममध्ये गेला की परत येत नाही. आजी-आजोबांना शटडाउन कसं करायचं आणि किती शर्यती ठरल्या आहेत, हे नीट दाखवून ठेवा. दुपारी घरी तेच असतात, आणि ‘आजोबा, अजून एकच’ तिथे चालून जातं.

दर रविवारी अ‍ॅपमधले तास बघा. तास वाढत चालले असतील तर आधी गेम बदला, वेळ नंतर कापा, कारण बहुतेक वेळा दोष न संपणाऱ्या गेमचा असतो. उलट, मुलाने तीन आठवडे हातच लावला नाही तर त्याला खेळवायचा आग्रह धरू नका. डिस्क विका, कंट्रोलरची बॅटरी महिन्यातून एकदा भरत राहा, आणि सहा महिन्यांनी वेगळ्या गेमने पुन्हा विचारून बघा.