फ्लू झालेल्या लेकराचा श्वास कसा मोजायचा

बत्तीस वर्षं मी नागपुरात लहान मुलांच्या वॉर्डात सिस्टर होते. तरीही माझ्या स्वतःच्या नातीच्या वेळी अर्धा दिवस हातचा गेला, म्हणून हे लिहिते आहे.

मारबतीला, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीच्या मिरवणुकीला, महाल भागातल्या आमच्या घरी पाहुण्यांची गर्दी असते. गच्चीवरून सगळे ‘इडा पिडा घेऊन जा गे मारबत’ ओरडत होते आणि चौदा महिन्यांची नात या कडेवरून त्या कडेवर फिरत होती. दोन दिवसांनी ती तापली. १०३ पर्यंत गेलेला ताप तिसऱ्या दिवशी १०० वर आला आणि आम्ही सगळे निवांत झालो. मीसुद्धा. रात्री अकराला तिचं झबलं बदलताना पोट भात्यासारखं हलताना दिसलं. श्वास मोजले, ५८ भरले.

तेव्हा थर्मामीटर बाजूला ठेवा आणि झबलं वर करा. लेकरू शांत किंवा झोपलेलं हवं, रडताना मोजलेला आकडा काही कामाचा नाही. मोबाइलवर पूर्ण एक मिनिट लावा. पोट एकदा वर येऊन खाली गेलं की एक श्वास. पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नका, लहान मुलांचा श्वास एका लयीत चालत नाही. दोन महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा जास्त, आणि एक ते पाच वर्षांपर्यंत ४० किंवा जास्त आकडा आला तर श्वास जलद आहे, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

मोजताना बरगड्यांच्या खालीही नजर ठेवा. श्वास आत घेताना तिथे खड्डा पडत असेल, नाकपुड्या फुलत असतील, प्रत्येक श्वासाला कण्हल्यासारखा आवाज येत असेल, ओठ निळसर दिसत असतील, तर सकाळची वाट पाहू नका. झटका आला, लेकरू उठवूनही नीट जागं होत नसेल, दूध तोंडात घेत नसेल, आठ तास लघवी झाली नसेल, तरीही तसंच. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ ताप आला, एवढंही पुरे. १०८ ला फोन करा.

जाताना लेकराला मांडीवर उभं धरा. धाप लागली असताना बळजबरीने दूध पाजू नका, ते श्वासनलिकेत जातं. लसीचं कार्ड आणि दिलेल्या औषधांच्या बाटल्या सोबत घ्या. पॅरासिटामॉलचे थेंब आणि सिरप यांत फार घोळ होतो. थेंबांच्या १ मिलीत १०० मिलिग्रॅम औषध असतं, सिरपच्या ५ मिलीत साधारण १२०. ड्रॉपरच्या मापाने सिरप आणि चमच्याने थेंब पाजलेले मी पाहिले आहेत. बाटली दाखवली की डॉक्टरांना लगेच कळतं. ॲस्पिरिन तर फ्लूमध्ये मुलांना देऊच नका. खोकल्याचं सिरप मनाने आणू नका. २०२५ साली विषारी खोकल्याच्या सिरपमुळे छिंदवाड्याहून नागपूरला आणलेली ती लेकरं अजून डोळ्यांपुढून जात नाहीत.

नातीला ऑटोतून मेडिकलला, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात नेलं. रक्तातला ऑक्सिजन ८८ टक्के होता. नाकात नळी पाहून सून रडायला लागली. बायांनो, ऑक्सिजन लावला म्हणजे आशा संपली असं नसतं. थकलेल्या छातीला त्याने आधार मिळतो. ऑसेल्टामिविर हे फ्लूच्या विषाणूवरचं औषध पहिल्या ४८ तासांत सुरू झालेलं सगळ्यात चांगलं, पण भरती करण्याइतक्या आजारी मुलाला उशिरा आणलं तरी देतात. नातीला चौथ्या दिवशी दिलं. अँटिबायोटिक फ्लूच्या विषाणूवर चालत नाही, सोबत जिवाणूंचा न्यूमोनिया वाटला तरच देतात. उगाच मागू नका.

फ्लूची लस सहा महिन्यांपासून देता येते. लस पहिल्यांदा देतात त्या वर्षी चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस, पुढे दरवर्षी एक. नातीची राहून गेली होती.

घरी आणल्यावरही दोन-तीन रात्री झोपेत श्वास मोजत राहा. उतरलेला ताप पुन्हा चढला आणि खोकला वाढला, तर लगेच परत न्या.